कोमलचा टू

अंगणवाडीत प्रत्येक गोष्टीला रजिस्टर असतं. हजेरीला वेगळं, पोरांच्या खाऊच्या सुकडीला वेगळं, लसीला वेगळं. किश्शांना तेवढं नाही. ते चुलीमागच्या राखेसारखे न लिहिता साठतात, आणि मग एक दिवस कुणीतरी काडी घालून उकरतं नि सगळं आपल्याच अंगावर उडतं.

माझं शिक्षण सातवी. इंग्रजी पाचवीला सुरू झालं आणि सातवीला सुटलं. त्यातलं टिकलं काय, तर वन टू थ्री फोर. त्यातल्या एकट्या टूनं मला जेवढी मान खाली घालायला लावली, तेवढी सासरच्या कुणी लावली नसेल!

आमचं गाव इंदापूरपासून आठ मैल आत. अंगणवाडी समाजमंदिरात भरते. शिकवायला सुमनबाई, आणि शिजवायला, वाढायला, पोरांची नाकं पुसायला मी. दर महिन्याला पोरांची वजनं होतात. आढ्याला काटा टांगायचा, काट्याला कापडाची झोळी, झोळीत पोर. वजन वयाला शोभत असलं तर नॉर्मल. जरा कमी असलं तर ग्रेड वन. त्याहून कमी, टू. थ्री आणि फोर म्हणजे पळा डॉक्टरकडं.

मी रोज गावची तीस पोरं जेवू घालायचे. आणि माझी स्वतःची कोमल, साडेतीन वर्षांची, टूमध्ये.

*

पहिला किस्सा नणंदेच्या रोहितचा. नणंद बारामतीला दिलेली. तिनं पोराला इंग्लिश मीडियममध्ये घातलेलं. आठ दिवस आमच्याकडं आला होता, म्हणून त्यालाही अंगणवाडीत नेऊन पंगतीत बसवलं. मला वाटलं, शहरातलं पोर, लापशी खातंय का नाही! तर त्यानं दोन बोटं वर केली आणि म्हणाला, "मामी, टू."

मला इतका आनंद झाला. मी दोन पळ्या वाढल्या. थोड्या वेळानं पुन्हा बोटं वर. "मामी, टू." पुन्हा दोन पळ्या. तिसऱ्यांदा तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं. मी बाईंना म्हटलं, बघा, भुकेनं कसं रडतंय लेकरू. आणि कोमलकडं वळून म्हटलं, शीक जरा त्याच्याकडून.

त्यानंतर काय झालं ते सांगायला नको. समाजमंदिराची फरशी मीच धुतली.

नणंद न्यायला आली तेव्हा हसून हसून खाली बसली. "वैनी, त्यांच्या शाळेत वन म्हणजे लघवी आन् टू म्हणजे परसाकडं. बाईंना बोट दाखवायचं, असंच शिकिवत्यात."

रोहित पुढं जेव्हा जेव्हा आमच्याकडं आला, तेव्हा जेवताना डावा हात खिशातच ठेवायचा.

*

भामाक्काचं घर आमच्या घराला लागून. तिच्या सासऱ्यानं मेंढरं विकून टाकली, आता सगळे शेतात राबतात. तिचा संतोष कोमलच्याच वयाचा. एका महिन्यात त्याचं वजन उतरलं आणि तो वनमधून टूमध्ये गेला. बाईंनी कार्डावर लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी भामाक्का वाटीत साखर घेऊन हजर! बाईंच्या हातावर ठेवली, माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, माझ्या जावंची पोरगी अजून वनमध्येच हाय, आमचा संतोष टूला गेला. पुढच्या वर्षी थ्री होईल का, हेही विचारलं.

साखर तोवर तोंडात विरघळून गेली होती, ती काही परत देता येईना. शेवटी बाईंनी तिला खाली बसवून समजावलं, की अक्का, हे शाळेतल्या इयत्तेसारखं नाही, हितं आकडा वाढला की पोर खाली जातं.

भामाक्कानं रिकामी वाटी पदरानं पुसली. मग म्हणाली, "मंग त्याला नापास करा, बाई. मागं पाठवा."

त्या दिवशी बाई खूप हसल्या. मीही हसले. घरी येऊन कोमलचा झगा वर करून तिच्या फासळ्या मोजल्या आणि मग काही मला हसू आलं नाही. भामाक्काला निदान ठाऊक तरी नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. मी सातवी शिकलेली होते.

*

पोलिओच्या डोसाची गंमत. डोस रविवारी होता. शनिवारी सकाळी गावातल्या एका पोरानं देवळावर भोंगा बांधला आणि सुरू झाला, "हॅलो, वन टू. वन टू. हॅलो, वन टू."

लग्नाच्या मांडवात हे मी शंभरदा ऐकलं असेल. पण त्या दिवशी मला वेगळंच ऐकू आलं. वाटलं, आता ग्रेडवाल्या पोरांची नावं पुकारणार. जिच्या हातात सुकडीचं पातेलं, तिचीच पोरगी टूमध्ये, हे आख्ख्या गावाला भोंग्यावरून कळणार. मी कोमलला ओढून आत घेतलं आणि कडी लावली.

सासूबाई म्हणाल्या, "का गं, दार का लावलंस?"

मी म्हटलं, "वारं सुटलंय."

बाहेर लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

तेवढ्यात दारावर थाप. बाहेर भामाक्का, कडेवर संतोष. "मंगल, चल की गं बिगी बिगी. वन-टूवाल्यांना बोलवत्यात. आपली दोघींची पोरं टूमधलीच न्हवं का!"

भामाक्कानं वजनाच्या दिवशी ऐकलं असणार, पण घरी मी बोलले नव्हते; सासूबाईंना ते तेव्हा कळलं. म्हणजे घरात फुटलं ते भोंग्यामुळं नाही, मी दार लावल्यामुळं.

*

आमचे हे इंदापूरला स्टँडजवळ टायर-पंक्चरच्या दुकानात कामाला. तिथल्या एका ट्रक ड्रायव्हरनं यांना जुना टू-इन-वन दिला. रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. यांनी तो दुरुस्त करून घरी आणला, फळीवर ठेवला, वरून माझ्या हातचा विणलेला रुमाल घातला. बघायला आळी जमली. लहानपणापासून रेडिओ वेगळा आणि टेप वेगळा बघितलेली माणसं, सगळी खुळ्यासारखी बघत होती.

सासूबाईंनी यांना कोमलचं सांगितलेलं होतंच. हे आळीसमोर म्हणाले, "आता बघा, दोन वस्तू एका डब्यात बसल्या. आन् आमच्या मंगलला एक पोरगी टूमधनं वनमधी बसवता येईना!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. हसले नसते तर लागलं असं दिसलं असतं.

कोमल काही खायचीच नाही. मी घास घेऊन मागं मागं फिरायचे, ती तोंड फिरवायची. चिऊचा घास, काऊचा घास सगळं करून झालं. मारूनही झालं एकदा. अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं माझ्या हातचं चाटूनपुसून खायची आणि मला वाटायचं, बाया पाठीमागं म्हणत असतील, हिचं सगळं लक्ष लोकांच्या ताटात.

*

आता हा किस्सा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

वजनाच्या दिवशी झोळी हिंदकळते. काटा थांबावा म्हणून मी मागून झोळी धरायची आणि बाई पुढून आकडा वाचायच्या. टेप आणल्यानंतरच्या महिन्यात कोमल झोळीत बसली. वनमध्ये यायला पाव किलो कमी पडत होतं. मला मागूनही दिसत होतं.

मी झोळीच्या खाली एक बोट अडकवलं आणि ओढलं. पाव किलोला काहीच जोर लागत नाही. कणीक भिजली का बघायला बोट दाबतो, तेवढंच.

बाई म्हणाल्या, "अगं मंगल, कोमल वनमध्ये आली की!"

मी म्हटलं, रोज केळं देते.

कुठलं केळं! दोन दिवसांआधी मी तिला केळं दिलेलं, ते तिनं शेळीला घातलेलं.

यांनी इंदापूरहून पेढे आणले. भामाक्कानं माझ्याकडून केळ्याचं सगळं नीट विचारून घेतलं आणि संतोषला रोज केळं सुरू केलं. मी पेढा खाल्ला. कोमलनं अर्धा खाऊन उरलेला माझ्या हातात ठेवला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची जीप आली. टू आणि त्याच्या खालची पोरं तपासायची होती. बाईंनी यादी वाचली. संतोष गेला. त्याला जंताचं औषध दिलं, लाल रंगाचं टॉनिक दिलं, आणि महिन्याभरात पोर मागून भाकरी खायला लागलं. कोमलचं नाव यादीत नव्हतं. ती पायरीवर उभी राहून जीपला टाटा करत होती.

तरी पुढच्या महिन्यात मी पुन्हा बोट लावलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. एकदा वन झालेल्या पोरीला परत टू कशी करायची? पेढे वाटून झाले होते.

*

आणि हा शेवटचा.

चौथ्या महिन्यात, ऐन वजनाच्या दिवशी सुपरवायझर मॅडम न सांगता आल्या. पहिल्यांदा रजिस्टरं बघत बसल्या. तोवर ओसरीवर पोरांचा खेळ सुरू झाला होता. खुंटीला फडकं बांधलेलं, त्यात मक्याचं कणीस, बाहुली म्हणून. भामाक्काचा संतोष बाई झालेला. कोमल मावशी झालेली, म्हणजे मी.

संतोषनं वाकून बघितलं आणि म्हणाला, "टू."

कोमलनं मागून एक बोट फडक्याला अडकवलं, हळूच खाली ओढलं.

"आता वन," संतोष म्हणाला.

मॅडमना मजा वाटली. त्या पेन हातात घेऊनच ओसरीवर आल्या. कोमलला विचारलं, बाळ, हे काय करतेस?

कोमल मला बघून हसली. उत्तर संतोषनं दिलं. "मॅडम, मावशीनं बोट लावायचं असतं. कोमलला लावत्यात. मला न्हाई लावत."

बाईंच्या हातातलं रजिस्टर खाली आलं. पातेल्यात लापशी करपत होती, तिचा वास यायला लागला. कुणीच उठलं नाही.

मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही इकडं माझ्याजवळ उभ्या राहा. हात मागं."

मी हात पाठीमागं धरले. बाईंनी कोमलला उचलून झोळीत बसवलं. झोळी हिंदकळली, फिरली, मग सावकाश थांबायला लागली. बाई वाकून आकडा बघत होत्या. मॅडम बघत होत्या. सगळी पोरं गोळा झाली होती.

कोमलनं झोळीतून मान वळवून मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं. मग तिला मी दिसले.

"आई," ती म्हणाली, "बोट."