छाटलेला शिंपला

शहाद्यात घरी खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवणारा मी एकटाच असेन. तीत प्रवाळांच्या शेजारी एक निळा शिंपला होता. तो उजेडावर जगणारा जीव, पण खालच्या अंधाऱ्या दगडाला चिकटून बसला होता. त्याला वर हलवायचं तर दगडासकट उचलावं लागतं, पायातून निघणाऱ्या धाग्यांना धक्का लावायचा नसतो, हे मी थोरल्या भावाला दहादा सांगितलं होतं. तो नुसता हो हो करायचा.

दोन दिवस सुरतेला जायचं होतं, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी पेटीत रोज तांब्याभर गोडं पाणी ओतायला त्याच्याकडे किल्ली दिली. परत आलो तर शिंपला सगळ्यात वरच्या दगडावर, आणि भाऊ कौतुकाची वाट बघत उभा. केळीचा कंद लावण्याआधी मुळ्या छाटून तासतात, तसा त्याने शिंपल्याचा पाय विळ्याने साफ तासला होता.

"मुया छाट्याबिगर कंद लागस का कधी?" त्याने उलट मलाच विचारलं. जन्मभर केळी लावणाऱ्याला शिकवणारा मी कोण!

तिसऱ्या दिवशी शिंपला उघडा पडला आणि घरभर घाण सुटली. भावाने तो मळ्यात नेऊन केळीच्या बुडाशी पुरला. खत होईल, म्हणाला. आमच्या घरात थोरल्याला कुणी उलटून बोलत नाही.

पुढच्या वर्षी त्याच केळीची पहिली फणी त्याने माझ्याकडे धाडली. सोबत निरोप होता, नवा शिंपला आणलास की सांग, मी लावून देतो.