पाच बाय साडेसहाची न्हाणी

राज्य नवं झालं तेव्हा मी सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. बाईमाणसालाही ड्राफ्ट्समनच म्हणायचे आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. रायपूर राजधानी झालं आणि आमच्या टेबलांवर बंगले येऊन आदळायला लागले. प्रत्येक साहेबाला प्रत्येक खोलीला लागून बाथरूम हवं, पाहुण्यांच्या खोलीला हवं, शिपायांसाठी मागच्या बाजूला वेगळं हवं. दिवसाला चार-पाच बाथरूम मी हातासरशी बसवून टाकायचे. आणि इकडे गुढियारीत, माझ्या स्वतःच्या घरात, आईसाठी पाच बाय साडेसहा फुटांचं एक बाथरूम मला दोन महिने जमत नव्हतं.

घरात आम्ही दोघीच. बाबा रेल्वेच्या मालगोदामात होते, त्यांनीच रुळांलगत हे घर बांधलं आणि रिटायर झाल्यावर दोन वर्षांत गेले. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, ते सांगायची ही जागा नव्हे. घर त्या काळच्या पद्धतीचं: स्वयंपाकघराला लागून न्हाणी, आणि संडास मागच्या अंगणाच्या पार टोकाला, दोन पायऱ्या चढून. दिवाळीच्या आधी आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी ऑफिसात होते. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं, आणि मी पोचले तेव्हा ती स्ट्रेचरवर डोळे मिटून पडली होती. अंगणात पाय घसरला, एवढंच ती म्हणाली.

ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आई वॉकर धरून चालायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोनच गोष्टी सांगितल्या. एक, आता यांना उकिडवं बसता येणार नाही. दोन, यांना पुन्हा पडू देऊ नका, कारण दुसऱ्यांदा पडल्या तर उठणार नाहीत. म्हणजे कमोड हवा, आणि तो घरात हवा. घरात जागा एकच, ती न्हाणी. तोवर आम्ही एक प्लास्टिकची खुर्ची मधे गोल कापून घेतली होती आणि ती मागच्या संडासात नेऊन ठेवली होती. सकाळी ऑफिसला निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर मी आईला धरून अंगण पार करवायचे. दुपारचं मी माझं भागवते, असं ती म्हणाली होती.

न्हाणीचा हिशेब सोपा नव्हता. पाच बाय साडेसहातली एक पूर्ण बाजू पाण्याच्या हौदाने खाल्लेली. तो हौद बाबांनी हौसेने बांधला होता आणि उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड यायचा, त्यामुळे त्याला हात लावायची सोय नव्हती. कमोडला भिंतीपासून सव्वादोन फूट, पुढे गुडघ्यांना किमान दीड फूट, वॉकर वळायला तीन फूट, आणि आंघोळीला बसायला जागा. शिवाय मैल्याचा पाइप मागच्या टाकीपर्यंत उतार देत न्यायचा, म्हणजे कमोड मागच्याच भिंतीला हवा. कागदावर हे सगळं एकमेकांच्या अंगावर चढायचं. मी ऑफिसच्या ट्रेसिंगच्या तुकड्यांवर काढत बसायचे. शेजारच्या टेबलावरचे भैया विचारायचे, "दीदी, ये कौन से मंत्री का है?" मी म्हणायचे, सबसे बड़े का.

त्या दिवसांत मला कुठेही स्वस्थ बसवत नव्हतं. पर्समध्ये मोजपट्टी असायची. हळदीकुंकवाला गेले की हात धुवायच्या निमित्ताने मी त्या घरचं बाथरूम मोजून यायचे. तेलीबांध्याकडे नव्या कॉलनीत एका मैत्रिणीकडे गेले, तर तिच्या बाथरूममध्ये मला इतका वेळ लागला की तिने बाहेरून विचारलं, "अगं, बरं आहे ना?" मी आत वाकून कमोडपासून भिंतीचं अंतर घेत होते. खोटं कशाला सांगू, मला तिच्या साडेसात फुटांचा हेवा वाटला.

पण खरी अडचण जागेची नव्हती. खरी अडचण आई होती, निदान मला तसं वाटत होतं.

आमच्याकडे न्हाणी म्हणजे अर्धं देवघरच; देव्हाराही स्वयंपाकघरात, न्हाणीच्या दारालगतच. आई पहाटे न्हायची आणि ओल्या अंगानेच हौदातून देवाच्या पाण्याचा तांब्या भरायची. त्या पाण्याला मी आंघोळीआधी हात लावला तरी ते फेकून द्यायची. त्याच खोलीत संडास आणायचा, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते? तरी सांगितलं. पहिला नकाशा तिच्या पुढ्यात ठेवला.

"देवाचं पाणी कुठून भरू मी?" ती म्हणाली.

दुसऱ्या नकाशात मी मधे कमरेएवढी भिंत घातली. इकडे हौद आणि आंघोळ, तिकडे कमोड.

"अर्धी भिंत म्हणजे विटाळ अर्धा होते काय?"

तिसऱ्यात भिंत पूर्ण छतापर्यंत नेली, तर आत वॉकर वळेना. चौथ्यात देवाच्या पाण्यासाठी स्वयंपाकघरात वेगळा नळ दिला. त्यावर ती नुसतं "पाहू" म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. मी चिडले. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात दिवसभर लोकांच्या बाथरूमच्या दुरुस्त्या. मी म्हणाले, "आई, देव काय तुझ्या हाडापेक्षा मोठा आहे?"

"काहून ओरडून राहिली? नको करू. मले नाही पाहिजे. मी मागंच जाईन."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

ती निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागली. मी पेन्सिल आपटली, तिचं टोक मोडलं, आणि दुसऱ्या दिवशी पाचवा नकाशा काढायला बसले. असे आठ झाले. आठही वेळा सोवळं आडवं आलं. मी मैत्रिणींना सांगत फिरायचे की आमची आई देवापायी जीव देईल पण ऐकणार नाही. सांगताना मला थोडी ऐटही वाटायची, जणू असली हट्टी आई असणं हा माझाच गुण.

शेवटी मी तिला न विचारताच काम काढायचं ठरवलं. रविवारची सुट्टी धरून मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री आमच्या पाऱ्यातलाच, म्हणजे मोहल्ल्यातलाच, छत्तीसगढी बोलणारा, पन्नाशीचा शांत माणूस. त्याने माझा आठवा नकाशा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि परत दिला. मग न्हाणीत जाऊन विटेच्या तुकड्याने जमिनीवर रेघा मारल्या. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून बघत होती. मी मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हते.

मिस्त्री म्हणाला, "दीदी, बाकी सब हो जही. पहिली चौखट लगही. दरवाजा कोन डहर खुलही? भीतर के बाहिर?"

दार कुठल्या बाजूला उघडेल, एवढाच प्रश्न. मी न थांबता म्हणाले, "भीतर." बाथरूमचं दार आतच उघडतं. मी ऑफिसात शेकडो काढली होती, सगळी आत उघडणारी, म्हणजे बाहेरच्या वाटेत अडथळा होत नाही. आमच्या आठही नकाशांत दार किती फिरतं ते दाखवणारा तो गोल पंखा आत काढलेला होता आणि अडीच फूट जागा खात होता. ती जागा परत मिळू शकते हे मला, नकाशे काढून पोट भरणाऱ्या बाईला, एकदाही सुचलं नव्हतं.

"बाहेर," आई म्हणाली.

मिस्त्री थांबला. मी म्हणाले, "बाहेर कसं उघडेल? तिथं तुझा देव्हारा आहे. दार देवावर आदळेल."

"देवाले सरकवू तिकडं, खिडकीपाशी."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ज्या देवापायी आठ नकाशे बाद झाले, तो देव एका वाक्यात खिडकीपाशी गेला. मिस्त्रीला मात्र काही विशेष वाटलं नाही. "हव, अम्मा," म्हणून त्याने दाराची रेघ पुसली आणि बाहेरच्या बाजूला मारली. आत अचानक जागाच जागा झाली. कमोड मागच्या भिंतीला बसला, हौद राहिला, वॉकर वळला, आंघोळीच्या स्टुलालाही जागा राहिली. दोन महिने जे जमलं नाही ते एका रेघेत जमलं. मिस्त्री मागची टाकी बघायला अंगणात गेला. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भयंकर राग आला.

"हे आधी सांगता येत नव्हतं? विटाळ, देवाचं पाणी, काय काय ऐकवलंस मला! आता कुठं गेला विटाळ?"

आई हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसली होती. म्हणाली, "विटाळाचं सांगतलं की कोणी पुढं विचारत नाही."

"म्हणजे?"

"मी अंगणात नव्हती पडली."

मग तिने सांगितलं. ती संडासात पडली होती, आतून कडी लावलेली. दार आत उघडणारं, आणि ती दाराला लागूनच आडवी. उठता येईना, कडीपर्यंत हात पोचेना. ओरडली, पण मालगाड्यांच्या खडखडाटात कोणाला ऐकू गेलं नाही. किती वेळ ते तिला नक्की सांगता येईना. ऊन भिंतीवरून खाली सरकलं होतं, म्हणाली. शेवटी शेजारच्या घरातल्या भैयाला ऐकू आलं. तो आणि त्याचा भाऊ भिंतीवरून चढून आले आणि दार ढकलायला लागले. धक्क्याने कडी निखळली, पण दार तिच्याच मोडलेल्या पायाला लागत होतं. तेव्हा त्यांनी पहार घालून दार बिजागऱ्यांसकट उपटलं.

"लुगडं धड नव्हतं माझ्या अंगावर," आई म्हणाली. "दोघं पुरुष. आपल्या डोळ्यांदेखत मोठे झालेले पोट्टे. त्यांनी उचललं मले तसंच. भले आहेत बिचारे, एकानं आपला गमछा टाकला माझ्यावर. आताही भेटले की खाली मान घालून जातात. मीही त्यांच्या आईकडं जात नाही आता."

मला संडासाचं नवं दार आठवलं. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा ते बसलेलं होतं आणि शेजाऱ्यांनी हौसेने बसवून दिलं म्हणून मी त्यांना पेढे नेऊन दिले होते. त्यांनी ते घेतलेही होते. शेजारात माहीत होतं आणि मला नाही. मी आईला हट्टी म्हणत गावभर फिरले होते. मला लाज वाटली. मी तिथेच जमिनीवर बसले.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुले काय सांगू? तू नोकरी सोडून बसली असती." मग म्हणाली, "दार बाहेर उघडलं म्हणजे तू एकटी येऊ शकशील आत. अन् कडी नको. नुसतं लोटून घेईन मी. मले उचलायची वेळ आली तर तूच उचल. पुरुष माणूस नको."

"कडी नाही लावणार. आतून हाताला धरायला दांडी लावते, दोन लावते. फरशी खरबरीत घेते, चकचकीत नको." मी भराभर बोलत होते. बोलण्यात मला बरं वाटत होतं, कामाचं बोलणं होतं ते. दांडी किती उंचीवर, भिंतीत किती खोल, हे सगळं मला येत होतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी सकाळी साडेनऊला जाते आणि सहाला येते. दार बाहेर उघडो की आत, त्या वेळात ते उघडायला मी इथं नाहीच.

"पण दिवसा?" मी विचारलं. "मी ऑफिसात असते तेव्हा? आता तू दुपारची एकटी जातेस मागे, तशीच..."

"दिवसा मी जात नाही."

"जात नाहीस म्हणजे? आठ-नऊ तास?"

"लागतच नाही जायले," आई म्हणाली. "तू गेल्यावर मी पाणीच पीत नाही."

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की जणू दुपारी भात खात नाही असं सांगत होती. तीन महिने. सकाळचा चहा, आणि मग थेट संध्याकाळी माझी स्कूटर दारात आली की. मला तिचे सुकलेले ओठ दिसले, जे मी रोज बघत होते आणि ज्यांना मी थंडीने फुटलेत म्हणून व्हॅसलिन आणून दिलं होतं.

मी उठले. माठातून पितळी पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. सकाळचे अकरा वाजले असतील. मागे अंगणात मिस्त्री टाकीवरची फरशी उचकटत होता.

आईने पेल्याला हात लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आज रविवार आहे ना?" तिने विचारलं. "तू कुठं जाऊन तर नाही राहिली?"

"नाही. घरीच आहे."

"दिवसभर?"

"दिवसभर."

मग तिने पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. पदराने तोंड पुसलं, आणि पेला पुन्हा माझ्यापुढे केला.