फिकट जांभळं

पाण्याचा एवढा संशय घेणारा माणूस आमच्या संभाजीनगरातच काय, अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान शेंद्र्याच्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात विषारी सांडपाणी शुद्ध करून सोडायचं काम करतात. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे आंबटपणा तपासायच्या कागदी पट्ट्या ठेवतात. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात पट्टी बुडवून शेजारच्या अनोळखी पाहुण्याला "आंबट हाय, पण प्यायला हरकत नाय" असं सांगताना मी त्यांना पाहिलंय. नळाला पाणी आलं की सगळी गल्ली बादल्या घेऊन धावते. यांच्या घरी मात्र आधी तपासणी. मेव्हणीबाई करवादतात, "तुमचं होईस्तोवर नळ जाईल, मग पट्ट्याच प्या."

कारखान्यात तर विचारूच नका. क्रोमचं पाणी पिवळंजर्द असतं. त्यात औषध टाकलं की हिरवं होतं, मग चुन्यानं गाळ खाली बसतो, तो पोत्यांत भरून वेगळा पाठवतात आणि वर नितळ पाणी उरतं. पण नितळ दिसलं म्हणून हे सोडतील तर शपथ. काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, तपासणीचं द्रावण टाकायचं, मागे पांढरा रुमाल धरायचा आणि बघत राहायचं. फिकट जांभळी झाक आली, तर विष शिल्लक आहे. मग टाक्या भरून काम थांबलं तरी बेहत्तर. मालक डोक्यावर येऊन उभे राहिले, तरी हे म्हणणार, "तुमी चहा घ्या, साहेब. पाण्याला घाई नाय." कारण ते पाणी ज्या नाल्याला लागतं, त्याच्याच काठी पुढं यांच्या बहिणीची विहीर आहे.

गेल्या दिवाळीत ते आमच्याकडे फराळाला आले. बायको चहा घेऊन आली तशी म्हणाले, "सणासुदीचं पांढरं कामून नेसलीस?" आम्ही हसलो. बायको म्हणाली, "भाऊजी, फिकट जांभळी आहे ही." ते हसले नाहीत. हातातला चिवडा ताटलीत ठेवून पदराकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "साडूभाऊ, गाडी काढता का?"

मोतीबिंदू, दुसरं काय! पण त्या घटकेला त्यांना डोळ्यांची पडलीच नव्हती; नळीतली जांभळी झाकही अशीच नजरेतून सुटली असेल, ही धास्ती होती. कारखान्यातून नळी आणि द्रावणाची बाटली उचलून आम्ही थेट बहिणीच्या शेतावर गेलो. "सणाचं घरात यायचं सोडून हीर बघाया आलास व्हय, दादा?" म्हणत तिनं बादलीभर पाणी शेंदलं. त्यांनी नळीत द्रावण टाकून ती माझ्या हातात दिली. "मला दिसायचं नाय. तुमी बघा. पण खोटं सांगू नका." मी उन्हात रुमाल धरून बघितलं, मग त्यांच्या बहिणीलाही बघायला लावलं. कुठं काही नव्हतं. तसं सांगितल्यावर ते विहिरीच्या कठड्यावर बसून रडले, अगदी उघड रडले. बहीण पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आमी रोज हेच पितो की. काय झालंय आमाला?" मला त्या माणसाची फार माया वाटली.

मालकांना त्यांनी आपण होऊन सगळं सांगितलं. ऑपरेशन झालं, रंग स्वच्छ दिसायला लागले. तरी आता दुसऱ्या कुणी बघितल्याशिवाय ते टाकी सोडत नाहीत. सुट्टीच्या दिवशी माणूस नसला की मला फोन येतो आणि मी कुरकुरत का होईना, जातो.

"हाय का काही?" ते विचारतात.

"काही नाही," मी म्हणतो.

मग ते चावी फिरवतात. पाणी नाल्याला लागतं, आणि वळणाआड जाईपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहतात. परवा म्हणाले, "हे तर चांगलं गेलं. पण डोळ्यांत मोतीबिंदू असताना मी एकट्यानंच बघून जे सोडलं, साडूभाऊ, ते कसं असंल?"

मीही त्यांच्या शेजारी उभा राहून वळणाआड जाणारं पाणी बघत राहिलो.