गेटवर सांगायचं नाव

सरस्वतीकाकूंच्या काळजीतून आमच्या गल्लीतलं कोणी सुटत नाही. कोणाचं पोरगं शाळेतून यायला जरा उशीर झाला, की त्याच्या आईच्या आधी या दारात उभ्या. पापड वाळत घातले की पावसाची काळजी, आभाळ कोरडं असलं तर कावळ्याची. गॅस बंद केला की नाही ते बघायला त्या बाजाराच्या अर्ध्या रस्त्यातून परत आलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि पुन्हा निघाल्यावर आता कुलूप नीट लागलं का म्हणून परत फिरलेल्याही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते यांना बघूनच कोणीतरी म्हटलं असावं.

मी मूळचा देऊळगाव राजाचा. मोताळ्यात येऊन दहाएक वर्षं झाली, शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो. काकूंचं घर माझ्या घराला लागून. मुलगा जीवन एसटीत ड्रायव्हर, सून वैष्णवी कॉलेजात शिकवते, आणि पाच महिन्यांची नात छकुली. घरात माणसं एवढीच, पण काकूंची काळजी पन्नास माणसांना पुरेल. माझं डोकं लवकर तापतं, त्यामुळे त्यांच्याशी माझं रोज वाजतं, आणि रोज संध्याकाळी त्यांच्याच घरचा चहा पिऊन मिटतं.

फेब्रुवारीत वैष्णवी वहिनींना बुलढाण्याला परिषदेत पेपर वाचायचा होता. गावाबाहेर पठारावर विद्यापीठाचं मोठं आवार आहे, तिथे. कॉलेजात त्या अजून तासांवरच होत्या, पक्क्या नोकरीसाठी असा पेपर गाठीशी लागतो, एवढं मला जीवननं सांगितलं होतं. अडचण होती छकुलीची. ही पोरगी बाटली तोंडाला लावू देत नाही. गाईचं दूध, पावडरचं दूध, चमचा, वाटी, सगळं करून झालं होतं. आई म्हणजे आई.

म्हणून असं ठरलं, की वहिनींनी जीवनच्याच पहाटेच्या बसनं पुढे जायचं. छकुली झोपेतून उठली की काकूंनी तिला घेऊन माझ्या व्हॅननं मागून यायचं. सभागृहाच्या मागे कडुलिंबाची झाडं आहेत, तिथे गाडी लावायची. भाषणांच्या मधल्या वेळात वहिनी येऊन पोरीला पाजून जातील.

"गेटवर माझं नाव सांगा, गाडी आत सोडतील. मी बोलून ठेवलं आहे," वहिनी म्हणाल्या. "माझा फोन बंद असेल, पण नाव पुरे."

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. यात न समजण्यासारखं काय होतं?

निघायला उशीर झालाच. काकूंनी दुपटी, झबली, गरम पाण्याचा थर्मास, उन्हासाठी कांदा आणि गारठ्यासाठी टोपडं असं दोन्ही ऋतूंचं सामान घेतलं. राजूरच्या घाटात रस्त्याचं काम चालू होतं, एकाच बाजूनं गाड्या सोडत होते. आमच्यापुढे सिमेंटचा ट्रक धापा टाकत उभा. मागच्या सीटवर काकू पुन्हा झोपलेल्या छकुलीला छातीशी धरून बसल्या होत्या आणि दर वळणाला तिच्या कपाळाला हात लावून बघत होत्या.

"गोकुळ, काऊन थांबला रे?"

"काकू, समोर ट्रक आहे. त्याला काय खिशात घालू?"

"हॉर्न वाजव न बापा. पोरगी उठली तं?"

"हॉर्ननं ती आधी उठेल."

 आरशात पाहिलं तर त्यांनी डोळे घट्ट मिटले होते आणि ओठ हलत होते. घाट संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला राग आला. माझ्या गाडी चालवण्यावर एवढा अविश्वास? शाळेची वीस पोरं मी रोज नेतो-आणतो!

वर पठारावर पोचलो आणि छकुली उठली. आधी कुरकुरली, मग मूठ तोंडात घालून चोखायला लागली. विद्यापीठाच्या कमानीपाशी आलो तोवर तिनं सूर लावला होता.

कमानीत आडवा बांबू. बाजूला केबिन, तिच्यात पन्नाशीचा एक रखवालदार. आत जाणाऱ्या गाड्यांच्या काचेवर रंगीत कागद लावलेले, ते बघून तो बांबू वर करत होता. माझ्या व्हॅनवर नुसतं 'शालेय वाहतूक'.

"कोनाकडं?" त्यानं विचारलं.

"परिषदेला आलेल्या मॅडमचं बाळ आहे. वैष्णवी जीवन सुरडकर. त्यांनी सांगून ठेवलंय."

तो केबिनमध्ये गेला, फोन लावला, बाहेर आला. "वैष्णवी नावाचं कोनीच नाही म्हनते."

"असं कसं? मोताळ्याच्या मॅडम!"

"मोताळ्याच्या तीन-चार मॅडम आल्या भाऊ. वैष्णवी कोनी नाही. तुमी गाडी समोरच्या मैदानात लावा. मोठे पाव्हणे येऊन राह्यले, गेट मोकळं पाहिजे."

मैदान म्हणजे रस्त्यापलीकडचं उघडं रान. एक झाड नाही. तिथून सभागृह तर सोडाच, कमानही नीट दिसली नसती. गाडी तिकडे लावली असती, तर वहिनी कडुलिंबाखाली आम्हाला शोधत बसल्या असत्या आणि पोरगी इकडे उपाशी राहिली असती.

"मग यांना पायी तरी आत जाऊ द्या," मी म्हणालो.

"जाऊ देतो न. पन कोनत्या हॉलात? आत तीन जागी कार्यक्रम हायेत, एकीकडं परीक्षा चालू हाये. माय लेकरू घेऊन कुठं कुठं फिरतीन? नाव सांगा, मी बोलावून देतो."

"सांगितलं ना नाव!"

"ते नाव आत नाही."

छकुलीचं रडणं आता वेगळं झालं होतं. पोटातून कळ आल्यासारखी ओरडायची, श्वास अडकायचा, आणि पुन्हा ओरडायची. काकू तिला खांद्यावर घेऊन व्हॅनभोवती फिरत होत्या. थर्मासमधलं पाणी चमच्यानं दिलं ते तिनं थुंकून दिलं. मागून एका गाडीनं हॉर्न दिला. मी जीवनला फोन लावला; तो जालन्याच्या रस्त्यावर गाडी चालवत असणार, ड्युटीवर तो फोन घेत नाही. वहिनींचा बंद. काकूंच्या फोनमध्ये या दोघांखेरीज कोणाचा नंबरच नव्हता. कपाळावरचा घाम पुसला आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

माझीच बायको घरात गीता आणि आधार कार्डावर मयुरी आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, की घरापुरतं जुनं संपलं. पण पदव्या थोड्याच तांदळावर लिहितात? वहिनींचं सगळं शिक्षण लग्नाआधीचं. 'माझं नाव सांगा' म्हणताना त्यांच्या मनात कॉलेजातलं नाव, आणि माना हलवताना आमच्या मनात घरातलं!

"काकू, वहिनींचं माहेरचं नाव काय?"

काकू थांबल्या. "खर्चे."

"ते आडनाव झालं." रखवालदार तोवर फोनवर विचारत होताच. "खर्चे तिघी हायेत," तो म्हणाला. आमच्याकडे खर्चे म्हणजे दगड टाकला तर खर्चेलाच लागेल.

"काकू, पहिलं नाव?"

"मले नाही आठवत."

"नाही आठवत? तीन वर्षं नाही झाली लग्नाला! तुम्ही मुलगी बघायला गेला होता ना? पत्रिका छापल्या होत्या ना?" मी लग्नाला होतो, पण खरं सांगतो, मला त्या लग्नातलं फक्त वांग्याचं भरीत आठवतं.

"नाही आठवत रे."

तेव्हा मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, "जगाची काळजी करता आणि सुनेचं नाव माहीत नाही? पोरीचा घसा बसला तरी तुम्हाला आठवणार नाही का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.  छकुलीला त्यांनी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आठवत कसं नाही, बापा," त्या हळू म्हणाल्या. "माह्या पोरीचं नाव हाये ते."

मला कळलं नाही. काकूंना जीवन एकटाच, असं मी दहा वर्षं धरून चाललो होतो.

"जीवनच्या पाठची होती. सात वर्साची. ताप उतरे ना म्हनून मोताळ्याच्या डॉक्टरनं बुलढान्याले न्या म्हटलं. घाटात ट्रक आडवा झालता. आमची बस तिथंच उभी राह्यली. ती मांडीवर डोळे मिटून मिटून घे, अन् मी हाका मारत राह्यली. नाव घेऊन. सारी बस आयकत होती. ते जे तोंडातून गेलं, ते मंग कधी आलंच नाही." त्यांनी पदरानं छकुलीचं तोंड पुसलं. "जीवनले हे स्थळ आलं तवा पोरगी मनात भरली, अन् नाव आयकून मी उठून गेली होती. जीवननं तिले सांगतलं. ती म्हने, आईले जे पाहिजे ते ठेवा, मले चालते."

 अर्ध्या तासापूर्वी त्याच घाटात मी त्यांच्याशी ट्रक खिशात घालण्याच्या गोष्टी करत होतो. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काकू, नका सांगू," मी म्हणालो. "मी आत पळत जातो, तिन्ही हॉलांत बघतो. हाकलतील तर हाकलतील."

तेवढ्यात छकुलीचं रडणं थांबलं. नुसता घशातून बारीक आवाज यायला लागला आणि मान काकूंच्या खांद्यावर पडली. रडून दमलेलं लेकरू असंच मान टाकतं, हे मला माहीत आहे, मी दोन पोरांचा बाप आहे. पण काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मला मागे सारून त्या केबिनच्या खिडकीशी गेल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.

रखवालदारानं फोन कानाला लावलेला. "मोठ्यानं सांगा माय, आयकू नाही आलं."

काकूंनी खिडकीची कड धरली.

"अर्पिता!"

सांगताना त्यांचा आवाज एवढा चढला, की मागच्या गाडीतल्या माणसानं काच खाली केली. "अर्पिता," त्या पुन्हा म्हणाल्या. आणि मग थांबताच येईना त्यांना. "अर्पिता... अर्पिता हाये तिचं नाव. अर्पिता."

"हाव माय, हाये, हाये. अर्पिता खर्चे हाये," रखवालदार म्हणाला. त्याला काय झालं ते कळलं नव्हतं, पण तो उठून उभा राहिला होता.

थोड्या वेळानं आतल्या बाजूनं लाउडस्पीकर खरखरला. "अर्पिता खर्चे मॅडम. अर्पिता खर्चे मॅडम, जिथे असाल तिथून मुख्य गेटजवळ या." सगळ्या आवारात ते नाव घुमलं. काकूंनी छकुलीचं डोकं आपल्या हातानं झाकलं आणि त्या आतल्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मी त्यांचा कोपर धरला. मला खरोखरच भीती वाटली, की या इथे पडणार.

रस्त्याच्या टोकाला एक बाई दिसली. निऱ्या मुठीत धरलेल्या, गळ्यातलं ओळखपत्र मागे उडालेलं, चप्पल हातात. वहिनी एवढ्या जोरात धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. आल्या, काही न विचारता छकुलीला घेतलं, व्हॅनमध्ये शिरल्या आणि दार ओढून घेतलं. क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग छकुलीचा गटागट पिण्याचा आवाज आला, मध्येच एक हुंदका, पुन्हा गटागट.

व्हॅन गेटच्या अगदी तोंडाशी उभी होती. मोठ्या पाहुण्यांची गाडी कोणत्याही क्षणी आली असती. मी रखवालदाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "राहू द्या तिथंच. पाव्हणे आले तं मी दुसऱ्या बाजूनं घेतो." आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आतून निरोप आला होता तोही त्यानं तसाच, मागे न बघता सांगितला: मॅडमचा पेपर चहानंतर ठेवला आहे, सावकाश या म्हणावं.

काकू व्हॅनच्या दाराशी उभ्या होत्या, हात अजून लेकरू धरल्यासारखेच.

"आई," आतून आवाज आला, "यांना माझं नाव कोणी सांगितलं?"

"मी."

 दार थोडं सरकलं आणि त्यांचा हात बाहेर आला. काकूंनी तो दोन्ही हातांत धरला.

"तवा लय हाका मारल्या होत्या, बाई," काकू म्हणाल्या. "आज लगेच आली."