शपथेच्या पानावरची नावं

गणपतीच्या दहा दिवसांत एक दिवस व्याख्यानाचा ठेवला की त्या संध्याकाळी कॉलनीतल्या प्रत्येकाला घरचं काम आठवायचं. ऑर्केस्ट्राला खुर्च्या कमी पडायच्या, सिनेमाला तर लोक पडद्याच्या मागे बसून उलटा सिनेमासुद्धा बघायचे, पण व्याख्यान म्हटलं की सगळ्यांचं पोट दुखायचं. आमच्या चिंचवडच्या कॉलनीत हा दिवस मी हट्टाने सुरू केला होता. मी मंडळाचा सेक्रेटरी. दिवसभर एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बोर्डावर वाकून रेघा मारायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन शेजाऱ्यांना वळण लावायचं, असा माझा दिनक्रम होता. शेजारी काही वळायचे नाहीत आणि मी चिडायचो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. जवळच्या एका कारखान्यात संप चालू होता. मी त्या कारखान्यातला नव्हतो, पण कॉलनीत तिथले पुष्कळ होते. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारा, बीडकडून आलेला टर्नर संपात होता. समोरच्या इमारतीतला फोरमन त्याच कारखान्याचा, पण स्टाफमधला, म्हणून कंपनीच्या बसने रोज कामावर जायचा. आधी हे दोघे सकाळी एकाच बाकावर बसून एकच पेपर वाटून वाचायचे. संप लागला तसा फोरमनने स्वतःचा पेपर घरी टाकायला सांगितला.

हवा अशी तापलेली, म्हणून मला वाटलं, यंदा शांती आणि अहिंसा या विषयावर बोलणारं कोणीतरी आणावं. एका ओळखीच्याने एक गुरुजी सुचवले. शिक्षकाची नोकरी संपल्यावर ते एसटीने गावोगाव हिंडून याच विषयावर बोलायचे. मानधन नाही, हार नाही, नारळसुद्धा नाही. एकच अट. व्याख्यान संपलं की लोकांनी उभं राहून शपथ घ्यायची, 'मी कोणावर हात उचलणार नाही आणि उचलू देणार नाही', आणि त्यांच्या लांबट वहीत सही करायची. प्रत्येक गावाला एक पान, वर गावाचं नाव, तारीख आणि वेळ. पान भरलं की गुरुजी समाधानाने पुढच्या गावाला जायचे.

संध्याकाळी सहाला व्याख्यान सुरू झालं तेव्हा मंडपात अठरा माणसं होती. त्यातली चार माझ्या घरची. गुरुजी मात्र मोठ्या सभेत बोलावं तसे बोलले. बोलताना ते चष्मा काढून खिशात ठेवत, त्यामुळे रिकाम्या खुर्च्या त्यांना बहुतेक दिसल्याच नसाव्यात. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावक्यांच्या मध्ये ते एकदा दोन दिवस जाऊन बसले होते, त्याची हकीकत त्यांनी सांगितली. "दगड दोन्हीकडून आले," ते म्हणाले, "आणि दोन्हीकडचे सारखेच लागले." आम्ही हसलो. अठरा माणसांचं हसणं ते केवढं असणार.

सह्या झाल्या आणि पानाचा वरचा एक चतकोर तेवढा भरला. गुरुजींनी चष्मा लावला आणि पानाच्या रिकाम्या ओळींवरून हळूच बोट फिरवलं. म्हातारा माणूस एसटीचे धक्के खात आलेला, आणि आमच्या कॉलनीची ही अब्रू. मी म्हणालो, "गुरुजी, बायामाणसं घरी आहेत, बरेच जण शिफ्टवरून आत्ता येतायत. तुम्ही जेवून घ्या, तोवर मी वही घरोघर फिरवतो."

वही मी कुठेच फिरवली नाही. गुरुजी आमच्याकडे जेवत असताना मी मंडळाच्या खोलीत बसून एकेका इमारतीची नावं आठवून सह्या ठोकल्या. ड्रॉइंग ऑफिसात वीस तऱ्हेची अक्षरं काढायची सवय. कुठे तिरपं, कुठे गोल, कुठे नुसता फराटा. दोन पेनं वापरली. आपल्याला हे किती छान जमतंय याचा मला आनंदही होत होता, हे कबूल करतो. कारखान्यात एकाने दुसऱ्याची हजेरी लावायची रीतच होती, त्यामुळे यात काही गैर आहे असं मनाला शिवलंही नाही. भिंतीपलीकडच्या टर्नरची सही मी जरा जास्तच मन लावून केली. समोरच्या इमारतीतल्या फोरमनपर्यंत पोचायच्या आधीच पान भरलं. भरलेलं पान पाहून गुरुजींचा चेहरा उजळला आणि मला अगदी कृतकृत्य वाटलं. इतकं की सगळी नावं कागदावर उतरवून दुसऱ्या दिवशी पहाटेच मी ती कॉलनीच्या फळ्यावर लावली. 'शांतीची शपथ घेतलेले रहिवासी.' खाली तारीख, वेळ सायंकाळी सहा. आपलं नाव फुकटात लागलेलं पाहून पुढेही कोणी तक्रार केली नाही.

सकाळी दुधाच्या रांगेत कळलं की आदल्या संध्याकाळी, साधारण सहाच्याच सुमाराला, कारखान्याच्या गेटबाहेर स्टाफची बस अडवली होती. आमच्या फोरमनला खाली ओढून मारलं होतं. हात दोन ठिकाणी मोडला होता.

संप मिटला तेव्हा काही जणांना आरोपपत्रं आली, त्यात आमचा टर्नर होता. फोरमनने जबाबात लिहून दिलं होतं की याने मला मागून घट्ट धरलं, त्यामुळे मला हात वर करता आले नाहीत. कंपनीची खातेनिहाय चौकशी लागली. आरोप शाबीत झाला तर नोकरी जाणार. टर्नरची मोठी मुलगी दहावीला होती आणि गावाकडे परत जावं असं गावात काही उरलेलं नव्हतं. त्याची बायको आमच्याकडे विरजण मागायला यायची, ती यायची बंद झाली.

मग युनियनचा एक माणूस माझ्याकडे आला. फळ्यावरची यादी त्याने पाहिली होती. "सेक्रेटरी, तुमचा हा शेजारी त्या वेळी तुमच्या व्याख्यानाला होता. सही आहे. तुम्ही बाहेरच्या कंपनीचे, तुमच्या शब्दाला वजन आहे. मूळ पान घेऊन साक्षीला या." मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तर सह्या मीच केल्या हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला तोंड उघडेना.

पान गुरुजींकडे होतं आणि गुरुजींचा मुक्काम तेव्हा निघोज्याला होता. रविवारी मी एसटीने चाकणला उतरलो. पुढे कांद्याची पोती पोचवून परत निघालेल्या एका ट्रॅक्टरवर बसून गावात गेलो. पारावरच्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, "गुरुजी व्हय? देवळात बसल्यात. आमी बी सह्या केल्या काल, समद्या गावानं." समद्या गावाने, हे ऐकून मला कसंसंच झालं.

गुरुजी देवळाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. दोन पेनंसुद्धा सांगितली. वाटलं, आता ते रागावतील किंवा निदान 'खरं सांगून मोकळे व्हा' म्हणतील, म्हणजे माझ्यावरचा भार उतरेल. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली आणि हात झटकले. मग वही काढून चाळायला लागले. पुढचं पान, मागचं पान, त्याच्या मागचं. मीही बघत होतो. बऱ्याच पानांवर खालची अक्षरं एकमेकांची भावंडं वाटत होती.

"मला कळत नाही हो," ते अखेर म्हणाले. "खरं सांगितलंत तर त्याचं घर बसेल. खोटं सांगितलंत तर मार खाल्लेला माणूस खोटा पडेल. इतकी वर्षं बोलतोय, पण सभेत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता." मग त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही त्यालाच विचारलंत का, तू मारलंस का म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. युनियनवाल्याने विचारलं नव्हतं. कॉलनीत कोणीच विचारलं नव्हतं. जो तो आपापल्या मनाने ठरवून बसला होता. गुरुजींनी पान अलगद फाडून माझ्या हातात दिलं आणि पुन्हा शेंगांकडे वळले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. सल्ला मागायला गेलेला माणूस दुसऱ्याचा गोंधळ घेऊन परत आला तर त्याने करायचं काय?

त्याच संध्याकाळी मी भिंतीपलीकडे गेलो. टर्नर स्टोव्हला पिन मारत बसला होता. मी उभ्यानेच विचारलं.

"मारलं न्हाई म्या," तो म्हणाला. "धरलं व्हतं."

"कशाला?"

"सोडवाया, भाऊ." त्याने पिन पुसली. मग स्टोव्हकडे बघत म्हणाला, "आन सोडवता आलं न्हाई."

"मग चौकशीत हेच सांग ना."

"तिथं व्हतो म्हणलं की संपलं. पुढचं कोण ऐकतंय?"

हे खरं होतं की चौकशीसाठी कोणी पढवून ठेवलेलं, मला कळेना. त्याच्या चेहऱ्यावरून काही समजेल म्हणून पाहत राहिलो, तर तो पिन घालून फुंकर मारत होता. बायको आतून भांडी आपटत होती. मी घरी आलो आणि माझ्या बायकोला सगळं सांगून म्हणालो, आता तूच सांग. ती म्हणाली, "सह्या करताना विचारलंत का मला?" विषय संपला.

चौकशीच्या खोलीत टेबलावर पान ठेवलं. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, ही सही यांची आहे का, तुमच्या समोर केली का? फोरमन कोपऱ्यात बसला होता, गळ्यात अडकवलेला हात प्लास्टरमध्ये. टर्नर खाली बघत होता. मला वाटत होतं की मी एका माणसाला वाचवतोय. त्याच वेळी वाटत होतं की मी दुसऱ्याला पुन्हा एकदा मारतोय, आणि या वेळेला हात धरणाराही मीच आहे. मी म्हणालो, "हो. माझ्या समोर केली." टाइपरायटरवर माझं वाक्य उमटलं आणि मी खाली सही केली. ती मात्र माझीच होती.

टर्नर कामावर परत गेला. त्याची बायको विरजण न्यायला पुन्हा येऊ लागली. मला हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. फोरमन मला पाहिलं की रस्ता बदलायचा, आणि त्याने तो बदलला की मला बरं वाटायचं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी तो घरी आला. पहिली शिफ्ट सुटायची वेळ होती. प्लास्टर निघालं होतं, पण हात कोपरात नीट वळत नव्हता. चहाची कपबशी त्याने डाव्या हाताने घेतली.

"रागवायला आलो नाही," तो म्हणाला. "एक विचारायचं होतं. तो त्या दिवशी नक्की व्याख्यानाला होता?"

"पानावर सही आहे," मी म्हणालो.

"मग माझीच काहीतरी चूक." तो कपाकडे बघत राहिला. "जबाब दिला तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. मागून कोणीतरी मिठी मारली एवढं कळलं, वळून बघितलं तर मला त्याचं तोंड दिसलं. वाटलं, यानेच मला धरून दिलं. पण घरी पडून राहिल्यावर एकेक आठवायला लागलं. तो मला मागे ओढत होता. बसच्या दाराकडे. आणि त्याच्या पाठीवर काहीतरी बसत होतं, कारण दर वेळी तो कण्हायचा. मग कळेना, त्याने मला धरलं का वाचवलं? म्हटलं, चौकशीच्या दिवशी त्यालाच सगळ्यांसमोर विचारू. तसं असेल तर जबाब मागे घेऊ. पण तुम्ही सांगितलंत की तो तिथं नव्हताच. आता मी विचारू कुणाला?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दोनच शब्द, 'त्यालाच विचारा.' पण ते बोललो तर माझा जबाब खोटा, सही खोटी, आणि कंपनीला कळलं तर टर्नरची नोकरी पुन्हा टांगणीला. फोरमन चांगला माणूस होता, त्याने ते कोणाला सांगितलं नसतं असं आज वाटतं. त्या दुपारी तसं वाटलं नाही. मी म्हणालो, "असेल दुसरा कोणीतरी. गर्दीत काय कळतं."

"असेल," तो म्हणाला आणि उठला.

मी त्याला पोचवायला दारापर्यंत गेलो तर जिन्यावरून टर्नर वर येत होता, हातात डबा. दोघे पायऱ्यांवर समोरासमोर आले. टर्नर भिंतीला लागून उभा राहिला. फोरमनही थांबला, काहीतरी बोलेल असं मला वाटलं, पण तो माझ्याकडे वळून बघायला लागला. टर्नरही माझ्याकडेच बघत होता. एकाचा प्रश्न आणि दुसऱ्याचं उत्तर, दोन्ही माझ्यापाशी होती. मला इतकी लाज वाटली की "येत जा" एवढंच बोलून मी दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातली.