काठावरची हाक

मोताळ्याच्या गजेंद्रला एका जागी बसवणं म्हणजे बैलाला खुर्चीत बसवणं. जन्मभर त्याने विहिरी खोदल्या. तो खाली, बायको कोकिळा काठावर. थोड्या थोड्या वेळाने ती वाकून विचारायची, "हाय का?" खालून "हाव!" आलं नाही, की दोर ओढायचा, असा दोघांचा नेम.

मग बोअरच्या गाड्या आल्या आणि विहिरी थांबल्या. गजेंद्र अंगणात येरझारा घालू लागला. शेवटी कोकिळा वैतागली. "कुठंबी जा, पण माह्या डोळ्यांपुढून हला!"

त्याने मोटरसायकल काढली आणि एकटाच थेट राजस्थानच्या वाळवंटात गेला. तिथेही चैन नाही. एक गाव आलं, की पुढचं हवं.

एका ओसाड रस्त्यालगत जमिनीखालची गुहा होती. ती बघायला गाड्या थांबवून आलेले लोक हसत-खिदळत उतरत होते. गजेंद्र चार पायऱ्या उतरला आणि वर आला. पुन्हा उतरला, पुन्हा वर. काठावर कोणी नाही, तर उतरायचं कसं? अखेर त्याने कोकिळाला फोन लावला.

"मी खाली उतरून राह्यलो. विचारत राह्य."

"तिकडं कायची विहीर खोदता?" ती कडाडली. पण लगेच म्हणाली, "हाय का?"

"हाव!"

आणखी खाली गेल्यावर फोन मुका झाला. तरी गजेंद्र अंधारात थांबून थांबून "हाव!" म्हणत होता. लोक वळून बघत होते.

वर येताच फोन वाजला. कोकिळाचा आवाज फाटला होता. "कव्हाची विचारून राह्यली! काऊन बोलत नव्हते?"

"बोलत होतो ना," गजेंद्र म्हणाला. "दर खेपेले."