उकंडानं बिनतारी पोचवलेली कॅसेट

…तर उकंडा रेडिओ हातात घेऊन विहारातून शाळेकडे पळत सुटला, तिथवर काल सांगून झालं. मुकुटबनचा हा लाउडस्पीकरवाला सातवी शिकलेला, पण कोणत्याही मुक्या पेटीला बोलतं करणारा. साल २००६. कापसाच्या पडलेल्या भावानं गावाची तोंडं उतरवली होती. त्यात शाळेचा वीस वर्षं जुना कॉम्प्युटर भंगारात न्यायला तालुक्याचे बाबू टेम्पो घेऊन आलेले. चालवून दाखवला, तरच तो राहणार होता.

त्या मशीनला कॅसेट ऐकवावी लागे. कॅसेटवर नुसता किर्र आवाज. तो ऐकून मशीन काम शिके. नववीतल्या ममतानं स्वतः लिहिलेला प्रोग्राम कॅसेटवर होता, आणि शाळेचा टेप नेमका बंद पडलेला. उकंडाचा टेप रस्त्यापलीकडे विहारात, वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनासाठी अँप्लिफायरच्या पेटीत पक्का बसवलेला. एवढी लांब वायर गावात नव्हती.

म्हणून त्यानं विहारातल्या स्पीकरला बिनतारी माइक टेकवला, कॅसेट टेपात घालून बटनापाशी वाचनाला आलेल्या तुळसाबाईला बसवलं आणि शाळेत येऊन त्या माइकचा आवाज पकडणाऱ्या रेडिओची वायर कॉम्प्युटरला जोडली. टेप लाव म्हणून दारातून दुपट्टा हलवला. रेडिओ किरकिरला, पण पडदा कोराच.

बाबू म्हणाले, "मशीनची आरती झाली असन, तर उचलू का?"

उकंडानं वायर काढून रेडिओ कानाला लावला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. माइकवर कोणीही असो, अँप्लिफायरवर ईको चढवून आवाज घुमवायची त्याची जुनी सवय. मशीनला प्रत्येक आवाज दोनदोनदा ऐकू जात होता.

तो दारातून ओरडला, "तुळसामाय, ईकोचं बटन पुरं खाली कर!"

"काहून? आवाज कोरडा लागते नं बाप्पा!"

"आज कोरडाच पाह्यजे!"

त्यानं वायर परत जोडली आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लागली. चार मिनिटं किर्र आवाज मशीनमध्ये जात राहिला. मग पडद्यावर एकेक रेघ उमटत गेली आणि कपाशीचं फुटलेलं बोंड उभं राहिलं. ममता पडद्याकडे पाहत राहिली, आणि बाबूंनी टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

हेडमास्तर भगवानरावांनी बाबूंचा अहवालाचा कागद पुढं ओढला. "उकंडा, मशीन कशानं चालते म्हणून लिहू?"

उकंडा दुपट्ट्यानं मान पुसत म्हणाला, "चालू हाय, एवढं लिहा सर. कशानं चालते थे ह्या पोरीले इचारा. मले निस्ता आवाज पोचवता येते."